वापरलेले पीपीई किट आणि साथीच्या काळातील वैद्यकीय कचरा: वर्गीकरणापासून गाडीच्या हवाली करण्यापर्यंत

घरी विलगीकरणात असलेला रुग्ण असो, जिल्हा परिषदेच्या शाळेत उघडलेले विलगीकरण केंद्र असो किंवा तालुक्याच्या गावातील दोन-चार खाटांचा दवाखाना असो, वापरलेले मास्क, हातमोजे, पीपीई किट आणि सुया यांच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे सगळे एकाच काळ्या पिशवीत भरून गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकणे किंवा तेथेच पेटवून देणे. दुसरी नेमकी तिच्या उलट आहे: धास्तीपोटी रुग्णाच्या खोलीतले केळीचे सालसुद्धा पिवळ्या, म्हणजे जाळायच्या संसर्गजन्य कचऱ्याच्या, पिशवीत कोंबणे. पहिलीमुळे संसर्ग आणि विषारी धूर गावात राहतो. दुसरीमुळे जाळण्याच्या भट्टीवर ओल्या कचऱ्याचा नाहक बोजा पडतो आणि खऱ्या संसर्गजन्य कचऱ्यासाठी पिशव्या उरत नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे आधी गोळा करायचे आणि मग वेगळे करायचे हा उलटा क्रम. वस्तू हातातून सुटण्यापूर्वीच ती कोणत्या पिशवीत जाणार हे ठरलेले असले पाहिजे, कारण पिशवीत गेलेली वस्तू वर्गीकरणासाठी पुन्हा बाहेर काढायची नसते.

पुढील कृती जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोविडच्या काळात काढलेल्या, जुलै २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना यांना धरून आहे. पुढची साथ निराळ्या रोगाची असल्यास कोणती वस्तू कोणत्या पिशवीत जावी यात फरक पडू शकतो, म्हणून त्या वेळचा आदेश तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून घ्यावा. कामाचा क्रम मात्र बदलत नाही.

टप्पा १. कचरा कोण नेणार, हे रुग्ण येण्यापूर्वी ठरवावे

बहुतेक ठिकाणी तयारी पिशव्यांच्या खरेदीपासून सुरू होते आणि येथेच पहिली चूक होते. पिशव्या दोन दिवसांत भरतात, आणि त्या नेणारे कोणी ठरलेले नसेल तर व्हरांड्यात ढीग लागून शेवटी कोणीतरी काडी लावतो. म्हणून आधी आपल्या जिल्ह्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेले सामूहिक प्रक्रिया केंद्र कोणते आहे आणि त्याची गाडी कोणत्या वारी कोणत्या मार्गाने जाते, याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. दवाखान्याला एकही खाट नसली तरी मंडळाचे अधिकारपत्र आणि अशा केंद्राचे सभासदत्व त्याच्याकडे असावे लागते. विलगीकरण केंद्राच्या बाबतीत ही व्यवस्था ते उघडणाऱ्या यंत्रणेने करायची असते.

मराठवाड्यातील अनेक वाड्या-तांडे मुख्य रस्त्यापासून आत आहेत आणि गाडी तेथपर्यंत येत नाही. अशा ठिकाणी पिशव्या कोण, कोणत्या वाहनातून आणि कोणत्या उपकेंद्रापर्यंत आणून ठेवणार, हे ग्रामपंचायत आणि वैद्यकीय अधिकारी यांनी मिळून लेखी ठरवावे. 'आशाताई बघतील' हे उत्तर चालणार नाही. सर्वेक्षण आणि औषधवाटप हे त्यांचे काम आहे; उघड्या दुचाकीवर संसर्गजन्य कचरा वाहून नेणे नव्हे.

इशारा: घंटागाडीत पिवळी किंवा लाल पिशवी कधीही देऊ नये. त्या गाडीवरचे कर्मचारी अनेकदा कचरा हातांनी उपसून वेगळा करतात.

टप्पा २. साहित्य मांडून ठेवावे

दवाखाना किंवा विलगीकरण केंद्र असल्यास पिवळ्या आणि लाल रंगाच्या, क्लोरीनविरहित प्लास्टिकच्या, जाड पिशव्या लागतात. सुयांसाठी न फुटणारा, न गळणारा पांढरा अर्धपारदर्शक डबा, काचेसाठी निळी खूण असलेले टणक खोके, पायाने उघडणाऱ्या झाकणाचे डबे, सुई कापण्याचे यंत्र, सफाई कर्मचाऱ्यांसाठी जाड रबरी हातमोजे व गमबूट आणि वजनकाटा हेही हवे. प्रत्येक डब्यात एकात एक अशा दोन पिशव्या आधीच घालून ठेवाव्यात, कारण भरलेली पिशवी नंतर दुसऱ्या पिशवीत उतरवताना आतली हवा तोंडावर येते आणि बाहेरची बाजूही माखते. कोविडच्या वेळी पिशवीवर 'कोविड-१९ कचरा' असे लिहिणे बंधनकारक होते. असे लेबल पिशवी रिकामी असतानाच चिकटवावे. भरलेल्या पिशवीवर टेकवून लिहिताना आतली एखादी सुई हातात घुसू शकते.

घरासाठी एवढे लागत नाही. झाकणाची बादली, कागदी पिशव्या, शक्य असल्यास आरोग्य केंद्राकडून मिळालेल्या पिवळ्या पिशव्या आणि इन्सुलिन घेणारा रुग्ण असल्यास फिरकीच्या झाकणाचा टणक प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे. पाण्याची पातळ बाटली सुयांसाठी वापरू नये, ती टोचते.

यानंतर निर्जंतुक द्रावण तयार करावे. सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून प्रमाण नीट पाहावे. डबे, ढकलगाड्या आणि पृष्ठभाग यांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लागते. बाजारात मिळणारे द्रावण ५ टक्क्यांचे असल्यास त्याचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग घ्यावेत. १० टक्क्यांचे असल्यास एक भागाला नऊ भाग पाणी. ब्लिचिंग पावडर वापरायची असेल आणि तिच्यात सुमारे ३० टक्के क्लोरीन असेल, तर एक लिटर पाण्याला ३३ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला साधारण ३३० ग्रॅम पावडर लागते. ती अंदाजाने मुठीने न टाकता किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून पुड्या बांधून ठेवाव्यात. द्रावण रोज ताजे करावे, झाकून सावलीत ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पत्र्याखाली ठेवलेल्या उघड्या बादलीतले क्लोरीन तर फार लवकर उडून जाते; मग नुसत्या पाण्याने पुसल्यासारखेच होते. पावडरीचे पोते जुने असेल, गाठी धरून वास मंदावला असेल, तर ती वापरू नये.

इशारा: हायपोक्लोराइट किंवा ब्लिचिंग पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. हे द्रावण माणसांच्या अंगावरही फवारू नये.

टप्पा ३. वस्तू निर्माण होईल त्याच जागी वर्गीकरण करावे

पिवळ्या पिशवीतला कचरा जाळला जातो. लाल पिशवीतले प्लास्टिक उच्च दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला जाते. कोणती वस्तू कोठे, हे या एका फरकावरून लक्षात राहते.

पिवळ्या पिशवीत वापरलेले मास्क (तीन पदरी आणि एन-९५ दोन्ही), डोक्याची टोपी, पायांवरील आवरण, कापडी किंवा अर्धवट प्लास्टिकचा गाऊन, रक्ताने अथवा स्रावाने भिजलेला कापूस, नमुना घेतलेल्या काड्या, रुग्णाचे डायपर आणि मुदत संपलेली औषधे जातात. लाल पिशवीत फेसशील्ड, गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन व पूर्ण अंगाचा प्लास्टिकचा पोशाख, सलाईनच्या बाटल्या व नळ्या, प्राणवायूची नळी, लघवीची रिकामी केलेली पिशवी आणि सुई कापून काढलेली सिरिंज जाते. सुया, पाती आणि सुई जोडूनच येणाऱ्या इन्सुलिनच्या सिरिंज पांढऱ्या डब्यात जातात. काचेच्या कुप्या आणि अँप्यूल निळ्या खुणेच्या खोक्यात.

येथे सर्वाधिक चुकणारी गोष्ट म्हणजे अख्खे किट गुंडाळून एकाच पिशवीत टाकणे. किट एका पुड्यात येते, म्हणून ते एकाच पिशवीत जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यातला मास्क पिवळ्यातला आहे आणि फेसशील्ड लाल पिशवीतले. प्लास्टिक पिवळ्यात गेले की ते जाळले जाते, आणि त्यात क्लोरीनयुक्त प्लास्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. याच कारणाने पिवळ्या पिशवीत 'अधिक सुरक्षेसाठी' ब्लिचिंग पावडर भुरभुरणेही चूक आहे. जाळायच्या कचऱ्यावर आधी क्लोरीन ओतायचे नसते; अपवाद फक्त प्रयोगशाळेच्या आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्याचा, आणि तो निर्णय तेथील जबाबदार व्यक्तीने घ्यायचा असतो.

उरलेले अन्न, फळांच्या साली, पाण्याच्या बाटल्या, औषधांची रिकामी खोकी आणि वर्तमानपत्रे यांना स्राव लागलेला नसेल तर तो साधा कचरा आहे. तो ओला आणि सुका असा वेगळा, न गळणाऱ्या पिशव्यांत घट्ट बांधून, बाहेरून हायपोक्लोराइट फवारून रोजच्या कचऱ्यात द्यावा. शक्य तेथे जेवण धुता येणाऱ्या स्टीलच्या ताटांतच द्यावे. मंगल कार्यालयात केंद्र असेल तर ताटे तेथे असतातच, आणि पत्रावळ्यांचा निम्मा डोंगर आपोआप टळतो.

पडताळणी: रोज सकाळी, पिशव्या बांधण्यापूर्वी, डब्याचे झाकण उघडून केवळ नजरेने पाहावे. लाल पिशवीत मास्क किंवा पिवळ्या पिशवीत बाटली दिसली तर ती बाहेर काढू नये. पुढच्या पाळीच्या कर्मचाऱ्यांना तेथेच दाखवून सांगावे आणि डब्यावरचे चित्र ठळक करावे.

टप्पा ४. घरी विलगीकरण असल्यास

स्राव, रक्त किंवा ओकारी लागलेला मास्क, हातमोजा, कापूस आणि वापरलेली इंजेक्शने हा जैववैद्यकीय कचरा आहे. तो पिवळ्या पिशवीत साठवून ठरलेल्या गाडीला किंवा ठरलेल्या जमा केंद्रात द्यावा. घरच्यांनी वापरलेले साधे मास्क आणि हातमोजे यांसाठी नियम सोपा आहे: कागदी पिशवीत घालून किमान ७२ तास बाजूला ठेवावेत आणि मगच साध्या सुक्या कचऱ्यात द्यावेत. कोणी ते उचलून धुऊन पुन्हा विकू नये म्हणून मास्क कापून टाकण्याची सूचना आहे, पण कात्री ७२ तासांनंतर लावावी. नुकताच काढलेला ओलसर मास्क हातात धरून त्याच्या दोऱ्या कापत बसणे म्हणजे जे टाळायचे तेच करणे होय.

कागदी पिशवीवर टाकल्याची तारीख लिहावी आणि रोज नवीन पिशवी घ्यावी. कालच्या पिशवीत आजचा मास्क टाकला की ७२ तासांचे गणित पुन्हा शून्यावर येते. पिशव्या झाकणाच्या बादलीत, मुलांच्या आणि शेळ्या-कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. अंगणात उघड्या ठेवलेल्या पिशव्या वैशाखातल्या एका वावटळीत गल्लीभर होतात.

घरी करायची चाचणी वापरली असेल तर तिच्या खोक्यात दिलेल्या पिशवीत सगळे भाग घालून ती बंद करावी आणि माहितीपत्रकाप्रमाणे द्यावी. मास्क, हातमोजे किंवा डायपर संडासात टाकू नयेत. शोषखड्डा तुंबला की तो उपसणारा माणूस त्याच घाणीत उतरतो. चुलीत किंवा बांधावर जाळणेही वर्ज्य आहे. मास्क दिसायला कापडाचा असला तरी तो प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो.

टप्पा ५. किट उतरवताना पिशव्यांचा क्रम

किट चढवताना फारसे चुकत नाही; उतरवताना, विशेषतः उकाड्यात घामाने बेजार झालेली व्यक्ती घाईत असताना, चुकते. म्हणून उतरवण्याची जागा वेगळी, हवेशीर आणि एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर अशी असावी. डबे भिंतीला एका कोपऱ्यात न लावता ज्या क्रमाने वस्तू निघतात त्या क्रमाने ओळीने ठेवावेत. दुहेरी हातमोजे घातले असतील तर साधारण क्रम असा ठेवता येतो:

१. बाहेरच्या हातमोज्यांवर सॅनिटायझर लावून पायांवरील आवरण काढावे. पिवळा डबा.

२. बाहेरचे हातमोजे उलटे करून काढावेत. लाल डबा. आतल्या हातमोज्यांवर सॅनिटायझर लावावे.

३. फेसशील्ड मागच्या पट्ट्याला धरून, पुढच्या बाजूला हात न लावता काढावे. लाल डबा.

४. अंगभर पोशाख डोक्याकडून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा, झटकू नये. प्लास्टिकचा असल्यास लाल, नसल्यास पिवळा डबा. पुन्हा सॅनिटायझर.

५. गॉगल मागून काढावा. पुन्हा वापरायचा असल्यास निर्जंतुक करण्याच्या भांड्यात, नाहीतर लाल डब्यात.

६. आतले हातमोजे काढून हात स्वच्छ करावेत. टोपी असल्यास ती आणि त्यानंतर, सर्वांत शेवटी, मास्क फक्त दोऱ्यांना धरून काढावा. दोन्ही पिवळ्या डब्यात. मग साबणाने हात धुवावेत.

केंद्रातील तक्त्यात एखादी पायरी मागेपुढे असली तर तेथील तक्ता पाळावा. मास्क शेवटी निघणे आणि प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ होणे, या दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या गावात मधल्या टप्प्यांना सॅनिटायझर वापरून साबण-पाणी शेवटच्या हात धुण्यासाठी राखून ठेवता येते.

पडताळणी: पहिल्या आठवड्यात समोर एक सहकारी उभा राहून क्रम मोठ्याने वाचून दाखवेल अशी व्यवस्था करावी. स्वतःच्या थकव्यात स्वतःची चूक दिसत नाही.

टप्पा ६. पिशवी बांधणे, ठेवणे आणि डबा धुणे

पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बांधावी. वरपर्यंत भरून, हाताने किंवा पायाने दाबून आणखी जागा करणे हे या सगळ्या कामातले सर्वांत धोकादायक कृत्य आहे, कारण एखाद्याने नजरचुकीने टाकलेली सुई त्याच वेळी टोचते. तोंड पिळून, दुमडून, त्याच्यावर घट्ट पट्टी किंवा दोरी बांधावी; नुसत्या कानांच्या गाठीतून कचरा गळतो. आतली पिशवी आधी, मग बाहेरची बांधावी, आणि बाहेरून १ टक्का हायपोक्लोराइट फवारावे. पिशवी अंगापासून दूर धरून गळ्याशी उचलावी, फरफटत नेऊ नये.

साठवणीची खोली कुलपाची, सावलीची, फरशी धुता येणारी आणि स्वयंपाकघर व पाण्याच्या टाकीपासून दूर असावी. पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ही कमाल मर्यादा आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुसऱ्या दिवशीच दुर्गंधी सुटते, म्हणून उन्हाळ्यात रोज नेण्याचा आग्रह धरावा. डबे आणि ढकलगाडी आतून-बाहेरून रोज हायपोक्लोराइटने पुसावी. धातूचे भाग त्याने गंजतात, तेव्हा थोड्या वेळाने ते साध्या पाण्याने पुसून घ्यावेत.

टप्पा ७. हवाली करणे आणि नोंद

प्रत्येक पिशवीवर बारकोड, तारीख आणि ठिकाण असावे. गाडी आली की रंगानुसार पिशव्यांची संख्या आणि वजन कर्मचाऱ्यासमोर नोंदवून दोघांच्या सह्या घ्याव्यात. साथीच्या कचऱ्याची नोंद नेहमीच्या कचऱ्यापासून वेगळ्या पानावर ठेवावी. ही केवळ कागदपत्रांची हौस नाही. रुग्ण तेवढेच असताना लाल पिशव्यांचे वजन एकाएकी निम्म्यावर आले, तर कोणीतरी सलाईनच्या बाटल्या आणि सिरिंज भंगारात विकत असण्याची शक्यता असते, आणि ते फक्त नोंदवहीतूनच दिसते.

गाडी ठरल्या दिवशी आली नाही तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे. तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली की कचरा मुदतीबाहेर जातो.

टप्पा ८. खड्ड्यात पुरणे: फक्त परवानगी असेल तरच

'आमचे गाव लांब आहे, आम्ही खड्डा खणून पुरतो' असे अनेक जण सांगतात. खोल पुरण्याची पद्धत केवळ सामूहिक प्रक्रिया केंद्राची सेवा जेथे पोहोचतच नाही अशा दुर्गम भागासाठी आणि मंडळाच्या पूर्वपरवानगीनेच आहे. ७५ किलोमीटरच्या आत असे केंद्र उपलब्ध असताना ती चालत नाही. परवानगी असेल तर खड्डा सुमारे दोन मीटर खोल हवा. तो निम्मा भरला की वरचे अर्धा मीटर सोडून चुन्याने आणि मग मातीने बुजवावा लागतो. दरवेळी कचरा टाकल्यावर १० सेंटीमीटर मातीचा थर द्यावा लागतो. वर जनावरे शिरणार नाहीत अशी जाळी हवी, आणि जवळ विहीर, आड किंवा पुराचे पाणी येणारी जागा नको. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे उथळ खड्ड्यातला कचरा वर येऊ शकतो. शेतातल्या विहिरीजवळ 'आपलीच जागा आहे' म्हणून पुरणे तर सर्वथा वर्ज्य.

टप्पा ९. अपघात झाल्यास

पिशवी फुटून कचरा सांडला तर लोकांना दूर करावे, जाड हातमोजे व मास्क घालून चिमट्याने किंवा सुपलीने तो नव्या दुहेरी पिशवीत उचलावा. रक्त किंवा स्राव सांडला असल्यास त्यावर आधी शोषणारे कापड किंवा कागद टाकावा, १ टक्का हायपोक्लोराइट ओतावे, ३० मिनिटे थांबावे आणि मग पुसून ते कापड पिवळ्या पिशवीत टाकावे. सांडल्या सांडल्या खराट्याने झाडणे टाळावे, त्याने घाण पसरते आणि उडतेही.

सुई टोचली तर बोट पिळू नये, तोंडाने चोखू नये, त्यावर स्पिरिट किंवा ब्लिचिंगचे पाणी ओतू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जावे. एचआयव्हीचा धोका असल्यास प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. त्यामुळे 'उद्या सांगू' हा विचार परवडत नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस दिलेली असणे नियमानेच अपेक्षित आहे, आणि कंत्राटी सफाई कर्मचारीही त्यात आले. कामावर घेताना त्यांचे लसीकरणाचे कार्ड पाहावे, आणि नसेल तर पहिली मात्रा त्याच दिवशी द्यावी.